आपलं बियाण्याचं जुनं भांडण

प्रिय मन्या,

चार महिने झाले, तुझ्या पत्राला उत्तर नाही. भेटलास की हव्या तेवढ्या शिव्या घाल. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

काल पाहणीत एक घर लागलं आणि तू आठवलास. दीड एकर रान. सुधारित वाण लावल्यापासून उतारा जवळजवळ दुप्पट. मी खुशीत फॉर्म भरत होतो. घरच्या बाई धान्य निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पोती वाढली हो, पण उसनवारी काही सुटली नाही." माझं पेन थांबलं.

वसतिगृहात तू हेच ओरडायचास. मी आयआर-८ पुढे करायचो: १९६६ चं बुटकं भात, खत दिलं तरी न लोळणारं. तू अमेरिकी अर्थतज्ज्ञ कॉक्रेनची १९५८ ची ट्रेडमिल काढायचास: आधी लावणारा कमावतो, सगळ्यांनी लावलं की भाव पडतो, मागून येणारा नुसता धावतो. एकदा माझी वही खिडकीबाहेर फेकलीस, ती अजून येणं आहे!

तू बरोबर होतास, पण अर्धाच. भाव पडला की विकत घेऊन खाणाऱ्या मजुराचं पोट भरतं, ते तू कधी धरलंच नाहीस. मी मात्र रान किती, ते हिशेबात धरलं नाही. दीड एकरात उतारा दुप्पट झाला तरी खत-मजुरी वजा जाता हातात किती उरणार? त्यात संकरित असलं तर बी दरवर्षी विकत, घरचं ठेवलं तर पुढचं पीक एकसारखं येत नाही.

तरी माझी आशा सुटलेली नाही. स्वर्णा-सब१ बघ. २००९ मध्ये आलेलं हे भात दोन आठवड्यांपर्यंत पाण्याखाली तग धरतं. ओडिशात संशोधकांनी काही शेतकऱ्यांना ते देऊन पाहिलं. बुडण्याची धास्ती कमी झाली तशी त्यांनी जास्त रान लावलं, खत वाढवलं, कर्ज घ्यायलाही धजले. पूर न आलेल्या वर्षीही फायदा झाला. आणि तिथली पाणथळ रानं अनुसूचित जातींच्या वाट्याला जास्त आलेली, म्हणजे लाभ नेमका गरजेच्या घरी गेला.

आपण मात्र चांगल्या वर्षाचा उताराच विचारत आलो. काल मी फॉर्मच्या मागे लिहून विचारलं, "वाईट वर्षी काय विकलं?" बाईंचा हात सुपात थांबला. "आधी शेळ्या. मग बियाणं."

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

आपले पहिल्या पाहणीचे फॉर्म तुझ्या ट्रंकेत आहेत ना? ते दुष्काळाचं वर्ष होतं. लगेच पाठव.

तुझा,
अण्णू