वाचनालयाच्या दिव्यांसाठी आवाहन : शाकारणीच्या आधी पैसे जमलेच पाहिजेत

सप्रेम नमस्कार मंडळी,

मेसेज लांब आहे पण पूर्ण वाचा, दोन रात्री बसून लिहिलाय, तोही ऑफिसातून आल्यावर.

आपल्या ठाण्यातल्या चरईच्या वाचनालयाचं काम फेब्रुवारीपासून चालू आहे ते तुम्ही तलावपाळीला जाता-येता बघताच. मागची भिंत झाली, जिना झाला, ओटीचे खांब झाले. आता दिवे आणि वायरिंग राहिलंय आणि पैसे नेमके इथे संपलेत.

पण आधी ज्यांनी इथवर आणलं त्यांच्याबद्दल बोलू दे. जिन्याचं सगळं सागवान जांभळी नाक्यावरच्या आपल्या धान्यवाल्या काकांनी दिलं, नाव लावायचं नाही ही त्यांचीच अट, म्हणून लिहीत नाही, पण त्या जिन्यावरून चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्या माजी मुख्याध्यापिका बाईंनी पेन्शनच्या फरकाची सगळी रक्कम दिली. खारकर आळीतल्या आजी भिशीचे ५००० रुपये रुमालात बांधून घेऊन आल्या, पावती नको म्हणत होत्या, मी जबरदस्तीने हातात दिली, तर म्हणाल्या, "अगं, माझे यजमान इथेच पेपर वाचायचे." आपल्या अभ्यासिकेत रात्री ११ पर्यंत बसून सीए झालेल्या तीन मुलांनी पहिल्या पगारातून पैसे पाठवले. आणि चुन्याचं काम करणारे मिस्त्री! गूळ-बेलफळ घालून चुना मळला त्यांनी, सिमेंटला हात लावू दिला नाही. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, हे त्यांनीच आम्हाला समजावलं.

आता दिव्यांचं. गेल्या दिवाळीत एक ठेकेदार सगळं फुकटात करून देतो म्हणाले होते. वरच्या हॉलला पीओपीचं खोटं छत आणि त्यात पांढरे चौकोनी एलईडी पॅनल. कमिटीने नाही म्हटलं. त्यावरून "फुकट मिळतंय तर यांना नको" असं जे बोललं गेलं ते मला अजून लागतं, कारण बोलणाऱ्यांपैकी एकानेही वर येऊन हॉल बघितला नव्हता. खोट्या छतामागे कैच्या गेल्या, वासे गेले, गळती कुठे होते, वाळवी कुठे लागते ते दिसायचं बंद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कौलांतून येणारा उजेड कायमचा गेला. भर दुपारी १२ ला दिवे लावून वाचायचं, मग ते एलईडी असले तरी बचत कसली?

आपल्या हॉलवर मंगलोरी कौलांमध्ये १४ काचेची कौलं आहेत. कित्येकांना माहीतच नाही, कारण एका पावसाळ्यात गळतात म्हणून कुणीतरी त्यांच्यावर डांबर फासलं. आणि वरचे झरोके प्लाय ठोकून बंद केलेत. मागच्या रविवारी मी आणि आपले ग्रंथपाल शिडी लावून वर गेलो, एका कौलावरचं डांबर आतून-बाहेरून खरवडलं, रॉकेलने पुसलं. साडेबाराला टेबल नंबर ४ वर उजेडाचा एक चौकोन पडला, वर्तमानपत्राएवढा. खाली एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी बसली होती, तिने काही न बोलता आपली वही सरकवून त्या चौकोनात घेतली. मला तेव्हाच कळलं की आपण बरोबर केलं.

तर आधी कौलं, झरोके आणि भिंतींना पांढरा चुना (तो हिरवा ऑइलपेंट उजेड गिळतो), आणि मग दिवे. हॉलमध्ये आत्ता २८ जुन्या जाड ट्यूब आहेत, ४० वॅटच्या. पण जुना तांब्याचा चोक स्वतःच १२ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे एका ट्यूबला ५२ धरा, सगळ्या मिळून १४५६ वॅट. शिवाय चोकची ती घूंऽऽ. त्याऐवजी २० वॅटच्या १८ एलईडी पट्ट्या आणि टेबलांवर ७ वॅटचे १० दिवे, एकूण ४३० वॅट. म्हणजे हॉल चालू असताना तासाला १ युनिट वाचतं, रोजचे १० तास धरले तर महिन्याला ३०० युनिट. हा हिशोब दिवसा सगळे दिवे चालू धरून आहे, कौलं उघडली की त्याहून जास्त. खिडकीकडच्या ओळीला वेगळा स्विच ठेवतोय, नाहीतर एका कोपऱ्यातल्या अंधारासाठी अख्खा हॉल पेटतो. जिन्याला आणि मागच्या बोळात सेन्सर.

दिवे पिवळसर घेणार आहोत, ३००० केल्विनचे. ६५०० वाला पांढराशुभ्र एक लावून बघितला, सागवान राखेसारखं दिसायला लागलं. पोथ्या आणि जुने बांधीव अंक असलेल्या खोलीत उजेड ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर जाऊ द्यायचा नाही, कारण कागदाला झालेलं उजेडाचं नुकसान साठत जातं, परत भरून येत नाही. एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात, हा ट्यूबपेक्षा मोठा फायदा. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) वेगळा बदलता येणारे दिवेच घ्यायचेत, थोडे महाग पडतात पण ड्रायव्हर गेला म्हणून अख्खा दिवा फेकायला नको.

वायरिंगमध्ये मात्र तडजोड नाहीच. वायरमनने लाकडी पट्टी उघडली तर आतल्या जुन्या रबरी वायरचं कोटिंग बोटांत चुरा होऊन पडलं, उघडी तार सागवानाला टेकलेली. त्याच्याखाली आपण इतकी वर्षं मुलं बसवली. भिंतीत झिरी मारणार नाही, चुना फुटतो, जुन्या पट्टीच्याच मार्गाने नवीन पट्टी आणि वायर जाईल, अर्थिंग आणि ईएलसीबीसकट (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच).

खर्च ४,६०,००० (वायरिंग २,१०,०००, दिवे १,३५,०००, कौलं-झरोके-चुना १,१५,०००), जमले १,८५,०००, हवेत २,७५,०००, १५ मे पर्यंत. सरकारी अनुदान पुस्तकं आणि पगारातच जातं, त्यातून हे होत नाही. कौलं शाकारणीच्या वेळीच उघडता येतात, मृग लागला की पुढच्या वर्षावर गेलं. खातं नंबर आणि क्यूआर ऑफिसबाहेरच्या बोर्डावर आहे, चेक संस्थेच्याच नावाने, कॅश घेऊ पण २००० च्या वर कॅश दिली तर ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळत नाही, नवीन टॅक्स पद्धत घेतली असेल तरीही मिळत नाही. ज्यांनी परदेशी पासपोर्ट घेतलाय त्यांच्याकडून घेता येणार नाही, आपल्याकडे एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) नाही, त्यांनी कृपया परस्पर पाठवू नका. एका एलईडी पट्टीचा खर्च उचलायचा असेल तर मला सांगा, ग्रंथपालांना नको, ते आधीच दमलेत.

एक मनातलं. मागच्या वर्षीच्या आवाहनाला ग्रुपवर ६२ जणांनी हात जोडले आणि पैसे ९ जणांनी दिले. हात जोडणाऱ्यांचा राग नाही, पण त्यातले निम्मे याच हॉलमध्ये बसून शिकलेत, त्यांची नावं रजिस्टरमध्ये माझ्यासमोर आहेत. यंदा ५०० द्या, २०० द्या, पण द्या. नसेल जमत तर रविवारी सकाळी ९ ला या, अजून १३ कौलं खरवडायचीत आणि शिडी धरायला माणूस लागतो.

आपली,
सचिव

ता.क. कुणाच्या माळ्यावर चिनीमातीचे जुने होल्डर किंवा पितळी टोपीचे काळे स्विच पडले असतील तर भंगारात घालू नका. ओटीवरचे चार होल्डर फुटलेत, तसे आता कुठे मिळत नाहीत.