बाहेरून काळी, आतून पांढरी

संपादक महोदय,

जुन्या खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बसवायच्या म्हणून आम्ही महिनाभर कॅटलॉग चाळतोय, त्यात आता दोन रंगांच्या फ्रेमचं नवीन फॅड, म्हणजे बाहेरून गडद राखाडी किंवा लाकडी आणि आतून पांढरी. दिसतं झकास, खोटं कशाला बोलू. पण विक्रेते रंगाचं कार्ड पुढे करतात आणि मुद्द्याचं काही सांगतच नाहीत.

गडद रंग ऊन पितो आणि हे प्लास्टिक तापलं की चांगलंच वाढतं, दोन मीटरच्या पट्टीला 40 अंशांचा फरक पडला तर साधारण 5 मिलिमीटर, त्यामुळे आतमध्ये स्टीलची पट्टी आहे का आणि भिंतीशी फट किती सोडणार हे आधी विचारा, नाहीतर भर दुपारी दरवाजा सरकता सरकत नाही. बाहेरचा रंग बऱ्याचदा वरून चिकटवलेली फिल्म असते, पांढऱ्या प्रोफाइलवर (म्हणजे फ्रेमच्या प्लास्टिक पट्टीवर) ओरखडा खोल गेला की खालचा पांढरा डोळे वटारून बघतो! आणि वॉरंटी फ्रेमची वेगळी, रंगाची वेगळी असू शकते, ते बारीक अक्षर वाचाच.

अजून एक, अंगणाकडचा सरकता दरवाजा शोरूममध्ये अर्धा उघडून बघा. कडेवर दोन रंग कुठे भेटतात, रबर काळं की पांढरं, आतला हँडल कुठल्या रंगाचा, हे बंद दरवाजात कळतच नाही, आम्हालाही तिसऱ्या फेरीत कळलं.

– एक वाचक