पुनर्विकासाच्या पैशात परिसराचा वाटा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या उपनगरांत जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाने सध्या वेग घेतला आहे आणि त्याविषयी वृत्तपत्रांत रोज काही ना काही छापून येते. चर्चा मात्र बहुतेक वेळा वाढीव चटईक्षेत्र, कॉर्पस (विकासकाकडून रहिवाशांना मिळणारा निधी) आणि भाडे यांच्याभोवतीच फिरते. नव्या इमारतींत राहायला येणाऱ्या कुटुंबांसाठी बालवाडी, दवाखाना, वाचनालय, मैदान आणि ज्येष्ठांना बसायला चार बाकडी कोण उभी करणार आणि कोणत्या पैशातून, हा प्रश्न मागेच राहतो. या प्रश्नाची एक वेगळी हाताळणी मला इंग्लंडमधील एका वाढत्या खेड्यात जवळून पाहता आली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी पुतणी ऑक्सफर्डशायरमधील एका खेड्यात राहते. तिथे गावाच्या कडेच्या शेतजमिनीवर गेल्या काही वर्षांत नव्या घरांच्या वसाहती झाल्या आणि त्यांच्यामागोमाग तक्रारीही आल्या. प्राथमिक शाळेत जागा नाही, डॉक्टरांची वेळ लवकर मिळत नाही, बसच्या फेऱ्या घटल्या आहेत, हे सारे आपल्याला ऐकून ठाऊक असलेलेच आहे. तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझ्या मनात राहिले ते एवढेच, की या तक्रारी मांडायला गावात एक हक्काची जागा आहे आणि त्या जागेच्या हाताशी थोडा का होईना, पण स्वतःचा पैसा आहे.

ती जागा म्हणजे पॅरिश कौन्सिल, म्हणजेच गावपातळीवरची परिषद. १८९४ च्या कायद्याने या परिषदा स्थापन झाल्या आणि आज इंग्लंडमध्ये त्यांची संख्या सुमारे १० हजार आहे. सदस्य बहुधा विनामानधन काम करतात. सभागृह, खेळाचे मैदान, भाजीपाल्याचे भाडेपट्ट्याचे वाफे, बसथांब्याची शेड अशी कामे या परिषदा पाहतात आणि त्यासाठी स्थानिक करात आपली छोटी रक्कम बसवून घेतात. सभेची विषयपत्रिका किमान तीन पूर्ण दिवस आधी गावात लावावी लागते. मी ज्या सभेला पुतणीबरोबर गेलो होतो, तिथे एका तरुण आईने नव्या वसाहतीतून शाळेकडे जाणाऱ्या पायवाटेचा विषय काढला. बाबागाडी ढकलताना एका जागी रस्त्यावर उतरावे लागते, असे तिचे म्हणणे होते. परिषदेच्या कारकून बाईंनी समोरची वही उघडली, नव्या घरांवरील आकारणीतून आलेल्या रकमेपैकी किती शिल्लक आहे ते वाचून दाखवले आणि रस्ता काउंटी कौन्सिलच्या (आपल्या जिल्हा परिषदेसारख्या वरच्या परिषदेच्या) अखत्यारीत असल्याने त्यांच्याशी पत्रव्यवहार करून खर्चाचा काही भाग आपण उचलावा, असे सभेने ठरवले. वाट रुंद व्हायला वेळ लागेल, हेही तिला स्पष्ट सांगण्यात आले.

ही आकारणी समजून घेण्यासारखी आहे. २०१० पासून इंग्लंडमधील स्थानिक प्राधिकरणांना नव्या बांधकामावर चौरस मीटरप्रमाणे पायाभूत सुविधा शुल्क लावता येते. सगळीच प्राधिकरणे ते लावत नाहीत, पण जिथे लावतात तिथे त्या त्या पॅरिशमधील बांधकामातून जमा झालेल्या रकमेचे १५ टक्के, एका वार्षिक मर्यादेत, तिथल्या पॅरिश कौन्सिलला द्यावे लागतात. गावाने २०११ च्या लोकॅलिझम ॲक्टनुसार स्वतःचा परिसर आराखडा तयार करून सार्वमताने मंजूर करून घेतला असेल, तर हा वाटा २५ टक्के होतो आणि ती मर्यादाही उरत नाही. अशा आराखड्यावरचे पहिले सार्वमत कंब्रियातील अप्पर ईडन भागात मार्च २०१३ मध्ये झाले. म्हणजे नवी घरे कुठे आणि कशी व्हावीत याचा विचार करण्याचे कष्ट जे गाव घेते, त्याला त्या घरांतून येणारा पैसाही जास्त मिळतो. मला ही सांगड अतिशय शहाणपणाची वाटते. याखेरीज शाळा, खेळाची जागा, परवडणारी घरे यांसाठी १९९० च्या नगररचना कायद्याच्या कलम १०६ खाली विकासकाशी वेगळा करार करता येतो, तो निराळाच.

आता आपल्याकडे वळू. समूहजीवन उभारण्याची हौस मुंबईकराला शिकवावी लागत नाही. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभा आहे, आणि गिरगाव-दादरपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत कितीतरी वाचनालये, व्यायामशाळा आणि मंडळे लोकांनी वर्गणी काढून चालवली आहेत. परंतु वर्गणीतून सतरंज्या आणि पुस्तके येतात, जमीन येत नाही. चार मजल्यांच्या सोळा बिऱ्हाडांच्या जागी वीस-बावीस मजले उभे राहतात, तेव्हा त्या गल्लीला लागणारी मोकळी जागा आणि अभ्यासिका सार्वजनिक पैशातूनच व्हावी लागते.

हा पैसा नाही असेही नाही. विकास नियंत्रण नियमावली २०३४ नुसार फंजिबल (नेहमीच्या मर्यादेवर जादा मिळणाऱ्या) चटईक्षेत्रासाठी आणि इतर सवलतींसाठी विकासक प्रीमियम भरतो, शिवाय विकास शुल्क भरतो. या रकमा महापालिकेच्या आणि राज्य शासनाच्या तिजोरीत जमा होतात आणि तिथून शहराच्या मोठ्या कामांना लागतात. मोठी कामे हवीतच. पण ज्या गल्लीत ट्रक, धूळ आणि टँकर तीन-चार वर्षे सोसले जातात, त्या गल्लीतून किती रक्कम गेली आणि तिच्यासाठी परत काय आले, याचा हिशेब तिथल्या रहिवाशाला कुठे पाहायला मिळत नाही.

विचारायची जागाही नाही. कोकणात किंवा घाटावर ज्यांचे गाव आहे ते २६ जानेवारीला किंवा १ मे रोजी ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारू शकतात. तोच माणूस मुंबईत मतदानापलीकडे मुका होतो. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख आहे आणि नगरसेवक २२७, म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी ५५ हजार माणसे. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिकेचा कारभार काही वर्षे प्रशासकाकडे होता. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या, तरी त्या इतक्या मोठ्या भागाच्या असतात की पायवाटेचा विषय तिथवर पोहोचतच नाही. ही पोकळी भरण्यासाठी राज्यात २००९ साली क्षेत्रसभांची, म्हणजे प्रभागातील छोट्या भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद कायद्यात करण्यात आली. त्या सभा मुंबईत रुजल्याच नाहीत.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, पुनर्विकासातून मिळणाऱ्या प्रीमियम आणि विकास शुल्काचा ठरावीक वाटा, समजा इंग्लंडप्रमाणेच १५ टक्के, ज्या प्रभागातून तो आला त्याच्या स्वतंत्र खात्यात ठेवावा, त्याची जमा-खर्चाची पाटी वॉर्ड ऑफिसात लावावी आणि तो कशावर खर्च करायचा हे क्षेत्रसभेत ठरावे. यावर एक आक्षेप रास्त आहे. गोवंडी-मानखुर्दसारख्या भागांत खासगी पुनर्विकास कमी आणि गरज मात्र सर्वाधिक. सारा पैसा जागच्या जागी राहिला तर तिथे काहीच पोहोचणार नाही. त्यासाठीच स्थानिक वाटा मर्यादित हवा आणि उरलेल्या ८५ टक्क्यांतून आधी अशा प्रभागांना द्यावे.

सगळ्या शहरात हे एकदम होणार नाही, याची मला जाणीव आहे. महापालिकेने पुढील अर्थसंकल्पात पूर्व आणि पश्चिम उपनगरांतील, पुनर्विकास जोरात असलेला प्रत्येकी एक प्रभाग निवडून तिथे दोन वर्षे हे खाते चालवून पाहावे आणि त्या दोन्ही प्रभागांतील नगरसेवकांनी क्षेत्रसभेची तारीख आधी जाहीर करून ती बोलवावी. आमच्या सोसायटीतील आम्ही काही जण अशा सभेला येऊ आणि कामाची यादी तयार करायलाही मदत करू.

आपला,
एक ज्येष्ठ नागरिक, मुलुंड (पूर्व), मुंबई