निरोपच नव्हे, नमस्कारही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या शब्दकोड्यात 'इटालियन निरोप' असा दोन अक्षरी आडवा शब्द होता. सोमवारी उत्तर आले : 'चाव'. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. इटलीत भेटल्या भेटल्याही 'चाव'च म्हणतात. जर्मनांनी हा शब्द उचलला तो मात्र मुख्यतः निघतानाचा म्हणून.

(आमची नात फोन ठेवताना 'चाव' म्हणाली, तेव्हा आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, "कुणाला?")

शब्दाचे मूळ व्हेनिसच्या बोलीत आहे. तिथे 'स्चावो वोस्त्रो' म्हणजे 'मी आपला दास'. बोलता बोलता पुढचा 'स' गळला, शेवट झिजला आणि 'चाव' उरले. प्रमाण इटालियनमध्ये गुलामाला आजही 'स्कियावो' म्हणतात. त्याच्याही मागे मध्ययुगीन लॅटिनमधला 'स्क्लावुस' आहे, म्हणजे पूर्व युरोपातल्या स्लाव्ह वंशाचा माणूस. त्या काळी स्लाव्ह लोकांना इतके पकडून विकले गेले की जमातीचे नावच गुलामाचे नाव होऊन बसले. इंग्रजीतला 'स्लेव्ह' याच घरातला. आणि आज बेलग्रेड-सोफियातले स्लाव्हच एकमेकांना निघताना 'चाव' म्हणतात! व्हेनिसच्या धक्क्यावरचा 'रिव्हा देल्यी स्कियावोनी' हा रस्ता याच लोकांच्या नावाचा. पण तिथले स्कियावोनी म्हणजे दाल्मेशियाहून (आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून) आलेले व्यापारी आणि खलाशी.

ऑस्ट्रिया-बव्हेरियात 'सर्वुस' म्हणतात, तेही लॅटिनमधले 'सेवक'च. आपल्याला यात नवल वाटायला नको. 'दासानुदास', 'चरणरज' अशा सह्या करणारे आपणच. फरक एवढाच की आपला दास कागदावर राहिला, त्यांचा जिभेवर आला आणि मालकाला विसरला. कारण 'चाव' आता फक्त बरोबरीच्यांत चालते. अनोळखी वडीलधाऱ्याला किंवा साहेबाला इटलीत 'बुऑनजोर्नो' (शुभ दिवस) म्हणायचे. 'मी आपला दास' असे म्हणणे त्यांच्यापुढे आगाऊपणा ठरते.

तेव्हा पुढच्या वेळी हा शब्द घ्याल तेव्हा 'इटालियनांचा येता-जाता नमस्कार' असे छापावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
(हेही सवयीनेच)
कोडी सोडवणारा एक वाचक, पुणे