विषय: लोकप्रियता-मापन सेवेतील चुकीचे आकडे आणि परताव्याची मागणी

व्यवस्थापक महोदय,

आपल्या कस्टमर केअरला आज केलेला पाचवा फोन ‘सिस्टिम बरोबरच आहे’ या वाक्यावर कापला गेला, म्हणून आता लेखी कळवत आहे.

फुटबॉलपटू काओरू मितोमा याची जपानमधील ऑनलाइन लोकप्रियता 2022 च्या विश्वचषकापासून कशी बदलली, याच्या अहवालासाठी मी आपले वार्षिक सबस्क्रिप्शन घेतले. मितोमा हे आडनाव जपानी चित्रलिपीत लिहिताना दुसऱ्या अक्षराच्या माथ्यावर बांबूचे चिन्ह येते. तिथे गवताचे चिन्ह आले, की ते फुकुओकातील एका रेल्वे स्थानकाचे नाव होते. आपल्या डॅशबोर्डने दोन्ही एक धरल्यामुळे, स्थानकावर गाडी चुकलेल्या प्रवाशाची कुरकुरही या खेळाडूच्या खात्यात जमा झाली आहे. चाहतेही पुष्कळदा चुकून गवताचेच अक्षर लिहितात, त्यामुळे ते सरसकट वगळता येत नाही. प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहावा लागतो, आणि तो पाहण्याचेच पैसे आपण घेतले आहेत.

त्या विश्वचषकातला जपानचा स्पेनविरुद्धचा सामना जपानी वेळेनुसार 2 डिसेंबरला पहाटे 4 वाजता सुरू झाला. गोलरेषेवरून बाहेर जाऊ पाहणारा चेंडू मितोमाने आत वळवला, त्यावर त्याचा सहकारी तानाका याने गोल केला आणि व्हिडिओ तपासणीनंतर तो ग्राह्य धरला गेला. आपल्या आलेखात मात्र जपानी लोक 1 डिसेंबरलाच, म्हणजे सामना सुरू होण्याआधीच, जल्लोष करताना दिसतात. वेळ बदलण्याची सोय कुठेही नाही.

एवढे मी सोसलेही असते. परंतु त्या पहाटेच्या ‘मितोमा याबाई’ अशा असंख्य पोस्ट आपण ‘नकारात्मक’ रकान्यात टाकल्या आहेत. ‘याबाई’चा मूळ अर्थ धोकादायक असला, तरी आपल्याकडे ‘काय खतरनाक खेळला’ म्हणतात तसाच तो कौतुकाचा उद्गार आहे, हे मी आपल्या प्रतिनिधीला सावकाश समजावले. त्यावर ते म्हणाले, “पण मॅडम, खतरनाक म्हणजे निगेटिव्हच ना? तिकडच्या लोकांना तो आवडत नसेल.” मग अकरा मिनिटे मला संगीत ऐकवण्यात आले. त्यानंतर आलेल्या वरिष्ठांनी माझे म्हणणे न ऐकताच विचारले, “तुम्ही स्वतः जपानी आहात का?” मी नाही म्हटले. “मग सिस्टिमवर विश्वास ठेवा,” असे सांगून त्यांनी फोन ठेवला. सिस्टिम तरी जपानी आहे का, हे मला त्या क्षणी सुचले नाही, आता विचारते. बारा वर्षे जपानीतून पोट भरणाऱ्या बाईला हे ऐकवण्यासाठी वेगळे प्रशिक्षण देता, की हा उपजत गुण आहे?

आपण पुण्यातली कंपनी, म्हणून परदेशी सेवा सोडून मी मुद्दाम आपल्याकडे आले, याचे आता वाईट वाटते. माझा अहवाल मला हाताने, एकेक पोस्ट वाचून करावा लागत आहे. पंधरा दिवसांत संपूर्ण रक्कम परत न मिळाल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन आणि सोबत आपला तो 1 डिसेंबरचा आलेखही जोडीन.

उत्तर लेखीच द्यावे, फोन करू नये. आणि ते रेल्वे स्थानक आज दुपारपर्यंत तरी माझ्या आलेखातून हललेले नाही.

आपली ग्राहक,
एक जपानी भाषांतरकार, पुणे