भयपट स्वस्त, पण कोणाच्या जिवावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कमी खर्चात काढलेल्या बीभत्स भयपटांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हे चित्रपट गचाळ आणि विकृत असतात, एवढे सांगून लेखकाने विषय संपवला आहे. या जातीचे चित्रपट मी गेली तीसेक वर्षे आवडीने आणि बारकाईने पाहत आलो आहे. त्यांतले पुष्कळसे खरोखरच गचाळ आहेत, हे मला मान्य आहे. माझा आक्षेप आहे तो ‘गचाळ’ आणि ‘विकृत’ हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरण्याला. गचाळपणा पैशाच्या चणचणीतून येतो आणि कित्येकदा तोच चित्रपटाचे बळ ठरतो. विकृती कशातून येते, ते पुढे लिहितो.

मोठ्या निर्मितीसंस्थेच्या भयपटात प्रेक्षकाला एक न सांगितलेली हमी मिळालेली असते. पडद्यावर नामवंत नट दिसला की तो शेवटपर्यंत तरणार, हे आपण मनोमन ओळखतो; संगीत आणि प्रकाशयोजनाही पुढच्या धक्क्याची आगाऊ सूचना देतात. तुटपुंज्या पैशांत काढलेल्या चित्रपटात सगळे चेहरे अनोळखी असतात, त्यामुळे कोण जगेल आणि कोण मरेल याचा अंदाज बांधता येत नाही. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १९६८ साली प्रदर्शित झाला. पिट्सबर्गच्या आसपास चित्रित झालेल्या या चित्रपटाचा खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर होता. छायाचित्रण कृष्णधवल होते आणि रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले होते. पण त्या दाणेदार चित्रणामुळे तो त्या काळच्या बातमीपटासारखा दिसतो. उठून चालू लागलेल्या प्रेतांशी रात्रभर झुंजून जिवंत राहिलेला कृष्णवर्णीय नायक सकाळी मदतीला आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीने मरतो, आणि त्यानंतर पडद्यावर वृत्तपत्रातल्या छायाचित्रांसारखी स्थिरचित्रे येत राहतात. हा शेवट गुळगुळीत रंगीत छायाचित्रणात इतका अंगावर आला असता, असे मला वाटत नाही.

१९६२ चा ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ मला याहूनही प्रिय आहे. हर्क हार्वी हे कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे शैक्षणिक आणि औद्योगिक माहितीपट काढणारे दिग्दर्शक. मोटारीने जाताना त्यांना युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी सॉल्टएअर नावाचे ओसाड करमणूकगृह दिसले आणि कथेचे बीज त्या वास्तूतूनच मिळाले. नेपथ्य उभारायला पैसे नव्हते, म्हणून ती पडकी वास्तू जशी होती तशी पडद्यावर आली. पाठलाग करणाऱ्या मृत पुरुषाची भूमिका दिग्दर्शकाने स्वतःच केली. नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी आहे आणि चित्रपटभर ऑर्गनचेच सूर ऐकू येतात. संवाद अवघडलेले आहेत, काही नटांना बोलताना हातांचे काय करावे ते कळत नाही, आणि तरीही त्या अवघडलेपणातूनच जिवंत माणसांच्या जगात परकी झालेली बाई आपल्याला दिसू लागते.

हे गुण सर्वत्र सापडतात, असा माझा दावा नाही. हर्शेल गॉर्डन लुईस यांचा ‘ब्लड फीस्ट’ १९६३ साली सुमारे साडेचोवीस हजार डॉलरमध्ये निघाला आणि त्याने भरपूर पैसा मिळवला, पण रक्तमांस रंगीत आणि उघडे दाखवण्यापलीकडे त्यात काही नाही. लांबी भरून काढण्यासाठी निरर्थक चालत राहणारी पात्रे, ओठांशी न जुळणारे आवाज, भर दुपारी चित्रित करून रात्र म्हणून दाखवलेली दृश्ये हे दोष या चित्रपटांत इतके नेहमीचे आहेत की त्यांवर अधिक शाई खर्च करू नये. यांतून कोणाचे काही बिघडत नाही. फार तर प्रेक्षकाचा दीड तास जातो.

मारेकऱ्याच्या नजरेतून फिरणारा कॅमेरा हा दोष मात्र मला गंभीर वाटतो. या युक्तीत खलपात्राचा चेहरा दाखवावा लागत नाही, रंगभूषा लागत नाही, फार तर श्वासाचा आवाज जोडला की भागते. जॉन कार्पेंटर यांच्या १९७८ च्या ‘हॅलोविन’ची सुरुवात अशीच आहे, आणि तिथे त्या नजरेला अर्थ आहे, कारण दृश्याच्या अखेरीस मुखवटा निघतो आणि ती नजर एका लहान मुलाची होती, हे कळून आपण हादरतो. नंतरच्या अनेक चित्रपटांत मात्र ही केवळ काटकसर उरली आणि पळणाऱ्या तरुणीच्या मागे प्रेक्षक विनाकारण सुरा घेऊन धावू लागला. जाहिरातफलकांवर स्त्रीच्या देहाची आणि भीतीची जी विक्री झाली, तिचे समर्थन माझ्यासारख्या चाहत्यानेही करू नये.

आता विकृतीविषयी. खर्च वाचवला म्हणजे तो कोणीतरी सोसलेला असतो. टोब हूपर यांचा १९७४ चा ‘द टेक्सास चेन सॉ मॅसकर’ मी थोर चित्रपट मानतो. त्यात प्रत्यक्ष रक्त फारच थोडे दिसते. जे भयंकर वाटते ते आवाजातून, उन्हातून आणि संकलनातून उभे राहते. पण १९७३ च्या उन्हाळ्यात झालेल्या त्या चित्रीकरणात जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग बंद, तापलेल्या घरात, सडत चाललेल्या मांसाच्या दुर्गंधीत सलग चोवीस तासांहून अधिक काळ चित्रित होत राहिला. खोटे रक्त नळीतून येईना, तेव्हा आपण नायिकेचे बोट खरोखरच कापले, असे मारेकऱ्याची भूमिका करणाऱ्या नटाने पुढे सांगितले आहे. चित्रपटाने अमाप पैसा मिळवला, पण कलाकारांच्या हाती त्यातले फारच थोडे आले. नायिकेची किंकाळी ऐकताना मी आजही शहारतो. तिच्यात अभिनय किती आणि खरी वेदना किती, हे मला सांगता येत नाही, आणि या गोष्टीचा मला त्रास होतो.

रुजेरो देओदातो यांच्या १९८० च्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ने तर हद्द ओलांडली. नट खरोखर मारले गेल्याचा संशय इटलीत इतका बळावला की ते जिवंत असल्याचे दिग्दर्शकाला सिद्ध करावे लागले. माणसांचे मृत्यू खोटे निघाले, पण कासव, माकड, डुक्कर यांना कॅमेऱ्यासमोर खरोखरच मारले होते. पुढे देओदातो यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. चित्रपटात मात्र ते मृत्यू कायमचे राहिले आहेत.

कायद्यालाही खोट्या आणि खऱ्या हिंसेतला हा भेद नेहमी नीट करता आलेला नाही. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये व्हिडिओ कॅसेटवरच्या भयपटांविरुद्ध मोठे काहूर उठले, सरकारी अभियोग संचालकांच्या, खटल्यास पात्र मानलेल्या चित्रपटांच्या यादीत एकूण ७२ चित्रपट आले आणि १९८४ साली व्हिडिओ चित्रफितींसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या यादीत ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ होता आणि सॅम रेमी यांचा ‘द ईव्हिल डेड’ही होता. रेमी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी टेनेसीतल्या एका लाकडी घरात, कॅमेरा फळीवर बसवून ती फळी दोघांनी धरून पळत पळत चित्रण केले होते. त्यातले सारे रक्त खोटे होते. खोट्या रक्ताला आणि खऱ्या वधाला एकाच यादीत बसवणे मला चुकीचे वाटते. खुद्द ब्रिटनमध्येच, चित्रीकरणासाठी प्राण्यांशी क्रूरपणे वागून मिळवलेली दृश्ये दाखवण्यास बंदी घालणारा कायदा १९३७ पासून आहे. पडद्यावर काय दिसते यापेक्षा ते कसे मिळवले, हे विचारणारा तो जुना कायदा मला अधिक शहाणा वाटतो.

हा प्रश्न जुना झाला, असेही समजू नये. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तीन तरुण कलाकारांनी आपल्या खऱ्या नावांनी भूमिका केल्या, कॅमेराही बव्हंशी त्यांनीच हाताळला आणि संवादही ऐनवेळी रचले. ते खरोखरच बेपत्ता आहेत, अशी हवा प्रसिद्धीत निर्माण करण्यात आली आणि चित्रपटाने जगभर सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर मिळवले. आपल्याला न्याय्य मोबदला मिळावा, अशी जाहीर मागणी त्याच तिघांना २०२४ मध्येही करावी लागली. चित्रपट मला आजही तितकाच भिववतो, पण त्याच्या यशाची गोष्ट सांगताना केवळ खर्च आणि कमाईचे आकडे शेजारी शेजारी छापून थक्क होण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला खटकते.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. अशा चित्रपटांवर आपण यापुढेही लिहावे, कठोरपणे लिहावे. मात्र परीक्षणात तांत्रिक उणिवांची यादी देऊन थांबू नये. चित्रीकरणात कोणी जखमी झाले का, प्राण्यांना इजा झाली का, कलाकारांना ठरलेले पैसे मिळाले का, याविषयी जे प्रसिद्ध झाले असेल ते दोन ओळींत जरूर द्यावे. आणि ‘सत्य घटनेवर आधारित’ हे जाहिरातीतले शब्द खातरजमा केल्याशिवाय बातमीत येऊ देऊ नयेत.

आपला,
एक नियमित वाचक