‘केवढे हे क्रौर्य’चं शेवटचं कडवं

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लेकीकडून रेव्हरंड टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ पाठ करून घेतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. सगळी कविता एका चालीत बसते, मग शेवटच्या कडव्यालाच ती का अडखळते, असं विचारलंस. अडखळणारच! टिळकांनी तिथे वृत्तच बदललंय, म्हणजे ओळीतल्या लघू (आखूड) आणि गुरू (लांब) उच्चाराच्या अक्षरांचा ठरलेला क्रम.

आधीची सगळी कविता पृथ्वी वृत्तात. ओळीला १७ अक्षरं, आठव्यावर यती, म्हणजे थांबा. तीन-तीन अक्षरांचे गण ज, स, ज, स, य आणि शेवटी लघू-गुरू. ‘क्षणोक्षणि पडे, उठे’ म्हणताना बघ, ‘पडे’ आणि ‘उठे’ दोन्ही लघूवर उचलायचे, गुरूवर टेकवायचे. घायाळ पक्षिणीची धडपड जिभेला जाणवते. मग ही ओळ बोटांवर मोज:

किती घळघळा गळे रुधिर कोमलांगातुनी

पृथ्वीच्या प्रत्येक ओळीत दोनदा तीन लघू सलग येतात, ३ ते ५ आणि ९ ते ११ या अक्षरांना. इथे पहिल्या जागी ‘घळघ’ आणि दुसऱ्या जागी अख्खा ‘रुधिर’ शब्द! वृत्त धावतं तिथेच रक्त वाहतंय. मी ही ओळ कितीदा म्हटली असेल, तरी अंगावर काटा येतो.

बाण लागलेली आई पिलांशी फार वेळ बोलते, मधली कडवी मला थोडी लांबलेली वाटतात. पण तिचं बोलणं आणि माणसावरचा कवीचा संताप, दोन्ही पृथ्वीतच. आणि मग,

मातीत ते पसरिले अति रम्य पंख

हा वसंततिलका. १४ अक्षरं, त, भ, ज, ज आणि दोन गुरू. पृथ्वीची ओळ लघूनं सुरू व्हायची. इथे चारही ओळी दोन गुरूंनी सुरू होतात: मा-ती, के-ले, चं-चू, निष्-प्रा. पंख, पोट, उघडी चोच, लांबलेले पाय एवढंच कवी दाखवतो. एकही ‘अहा’, ‘अरेरे’ नाही. पक्षीण गेली, तिच्याबरोबर तिचं वृत्तही थांबलं. जुनीच चाल पुढे ओढली तर हे सगळं हातचं जातं.

म्हणून लेकीला सांग, कडव्याआधी पुरता श्वास घे, पहिल्या दोन अक्षरांवर जरा रेंगाळ, घाई नको. जमलं की रेकॉर्ड करून पाठव, मी वाट बघतोय. वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
मित्र